मधेच दिलेला आशीर्वाद

म्हातारे पाळक चर्चच्या सेवेतून निवृत्त झाले तेव्हा मंडळीने त्यांना एक आरामखुर्ची भेट दिली आणि त्यांच्या जागी त्यांच्याच जावयाला पाळक नेमलं. खुर्ची चांगली निघाली. जावयाबद्दल मात्र मंडळीचं मत बरीच वर्षं असं होतं, की माणूस गरीब गाय आहे, पण प्रवचनाला मीठ नाही.

आणि ते खोटं नव्हतं. जावई कागदावर लिहून आणलेलं प्रवचन वाचून दाखवी. अधूनमधून लोकांकडे मान वर करून बघायचं लक्षात राहावं म्हणून कागदाच्या कडेला तो बाण काढून ठेवतो, अशी एक थट्टा होती. मागच्या बाकांवर पेंगणाऱ्यांची एक वेगळी मंडळीच तयार झाली होती. पण कुणाच्या घरी दुखणं निघालं, कुणी गेलं, की हाच माणूस सगळ्यांच्या आधी दारात हजर. त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

म्हातारे पाळक बायको गेल्यापासून लेक-जावयाकडेच राहत होते. घर चर्चला लागूनच. त्यांची ती आरामखुर्ची खिडकीपाशी ठेवली होती, आणि खिडकीतून चर्चची बाजूची भिंत आणि मागचं दार दिसे. लेक शाळेत गणित शिकवी.

मग एका वर्षी जावई मंदावला. मुळात चालच गोगलगायीची, त्यामुळे ते लवकर कुणाच्या लक्षात आलं नाही. लेकीच्या आलं. सकाळी एक मोजा पायात आणि दुसरा हातात घेऊन तो पलंगावर बसून राही. जेवणाचं ताट तसंच परत जाई. प्रवचनं आखूड झाली, ती मात्र मंडळीला आवडली.

"पपा, यांना काहीतरी झालंय," लेक म्हणाली.

"प्रत्येक सेवकाच्या वाट्याला वाळवंट येतं, पोरी. मलाही आलं होतं."

"किती दिवस?"

"असेल, चार-दोन दिवस."

"यांना पाच महिने झाले."

मनाच्या दुखण्याबद्दल म्हाताऱ्या पाळकांचं शास्त्र सोपं होतं. रडणारा आला तर धीर द्यायचा. ओरडणारा आला तर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. दोन्हींनी भागलं नाही तर त्याला दवाखान्यात पाठवायचं आणि प्रार्थना चालू ठेवायची. दवाखान्याला त्यांचा विरोध नव्हता. पण तो हरलेल्यांचा मुक्काम आहे असं त्यांना वाटे, आणि तिथे पोचलेल्या माणसाबद्दल बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. जावयाला त्यांनी दवाखाना सुचवला नाही. पहाटे उठून मोठ्याने स्तोत्रं वाचा, सकाळी फिरायला जा, असं सांगितलं. जावयाने मान डोलावली आणि दोन्हींतलं काही केलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र चक्रं फिरली. एका रविवारी जावई कागद न घेताच व्यासपीठावर उभा राहिला आणि असा काही बोलला, की पेंगणारे दचकून जागे झाले. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी जोरात. आवाजाला धार आली, डोळ्यांत तेज आलं. कुणाच्या आयुष्यातलं काय दुखतंय ते याला आतूनच कळतं की काय, असं ऐकणाऱ्याला वाटे. लोक रडू लागले. रडलेल्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजारी आपापल्या बहिणी-मेहुण्यांना घेऊन आले. बाकं पुरेनात. दोन महिन्यांत शाळेतून खुर्च्या मागवाव्या लागल्या.

"आपल्या पाळकसाहेबांना पवित्र आत्म्याने धरलंय," चर्चचे चिटणीस प्रत्येकाला सांगत सुटले. चिटणीसांचा लाकडाचा धंदा होता. माणूस दणकट, मनाने भाबडा, आणि एरवी हिशेबाशिवाय पाऊल न टाकणारा. तोही आता भारावला होता.

म्हाताऱ्या पाळकांना आनंद झाला. जावयाने शेवटी गुपचूप आपला स्तोत्रांचा सल्ला मानला असावा, असं समजून थोडं श्रेयही त्यांनी मनातल्या मनात घेतलं. पण आनंदाच्या तळाशी काहीतरी कडवटही होतं, आणि ते काय आहे हे ओळखण्याइतके ते प्रामाणिक होते. त्यांच्या सबंध सेवाकाळात चर्चमध्ये एकदाही जादा खुर्ची लागली नव्हती.

एका सकाळी लेकीने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"पपा, ते झोपत नाहीत."

"प्रार्थना करत असतील. मीही जागायचो."

"तुम्ही जागायचात, मला आठवतंय. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मेल्यासारखे घोरायचात. यांना झोप येतच नाही. हवीशीही वाटत नाही. परवा मी भाजी चिरत होते, तर माझ्याकडून सुरी घेतली, भाजी अर्धी चिरली, ती टाकून कपाट रिकामं केलं, ते तसंच ठेवून बाहेर गेले. बोलतात ते इतकं भराभर, की माझं एक वाक्य मधे बसत नाही."

"उत्साह आहे, पोरी. कोमेजलेलं झाड पालवलं की..."

"झाड नाहीये ते," लेक म्हणाली. "माझा नवरा आहे."

ती शाळेत गेली. म्हातारे पाळक कप हातात धरून विचार करत बसले. दुःखी माणसाला लोक पाळकाकडे घेऊन येतात. घाबरलेल्याला आणतात, दारू पिणाऱ्याला आणतात, देवाचा राग आलेल्यालाही आणतात. हा फार आनंदात आहे हो, याच्यासाठी प्रार्थना करा, असं म्हणत आजवर कुणी कुणाला आणलं नव्हतं. तेव्हा त्याचं काय करायचं हे त्यांना कुणी विचारलंही नव्हतं आणि शिकवलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात भिंतीचं प्रकरण निघालं. दिवसाढवळ्या धाडधाड आवाज आला म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर जावई चर्चच्या बाजूच्या भिंतीवर स्वतः घण घालत होता. अंगातला सदरा घामाने चिंब. हाताशी मंडळीतली पाच-सहा माणसं. चिटणीस थोडे बाजूला उभे, चेहऱ्यावर निम्मं कौतुक आणि निम्मी काळजी.

म्हातारे पाळक काठी टेकत तिथे गेले. "हे काय चाललंय?"

"जागा कमी पडते, पपा! पुढच्या वर्षी हजारो येतील. ही भिंत जाणार, मग अंगण आत घ्यायचं, मग तुमचं-आमचं घर, मग समोरचा रस्ता."

"रस्ता?"

"प्रभूने सांगितलंय."

आता आली का पंचाईत! इतर कुणी असं म्हणालं असतं तर वेगळं. पण प्रभू माणसाशी बोलतो, हे म्हातारे पाळक स्वतःच आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. त्यांनी जरा दमाने विचारलं, "प्रभूने भिंत पाडायला सांगितली, ठीक. झोपू नका असंही सांगितलं का?"

जावयाने घण खाली ठेवला. त्याच्या तोंडून त्यांना आजवर वावगा शब्द ऐकावा लागला नव्हता. तो आता सगळ्यांदेखत म्हणाला, "झोपेचं तुम्ही बोलू नका, पपा. तुम्ही जन्मभर या लोकांना थोपटून झोपवलंत. मी त्यांना उठवतोय तर तुमच्या पोटात दुखतंय."

म्हातारे पाळक परत फिरले. घराच्या पायऱ्या चढताना आधाराला चिटणीसांनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

ते वाक्य त्यांना झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. आणि तथ्य होतं म्हणूनच त्यांचा पाय अडकला. जावई आजारी आहे असं आता त्यांना जवळजवळ नक्की वाटत होतं. पण हे आपल्याला आपली अक्कल सांगते आहे की आपला मत्सर, याचा त्यांना निवाडा होईना. अपमान झाल्यावर समोरच्याला वेडा ठरवणं फार सोपं असतं. लेकीने पुन्हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "रविवारपर्यंत बघू." मग तिने शाळेत रजा टाकली आणि नवऱ्याच्या मागे मागे फिरत राहिली.

रविवारी चर्च ओसंडून वाहत होतं. भिंतीला भलंमोठं भगदाड पडलं होतं आणि वरचा भाग पडू नये म्हणून चिटणीसांनी आपल्या वखारीतल्या बल्ल्या आणून तिथे परांची बांधली होती. जावयाने गीत मधेच थांबवलं, प्रार्थना मधेच थांबवली आणि बोलायला सुरुवात केली. पहिला तासभर लोक हलले नाहीत. मग तो एका गोष्टीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उड्या मारू लागला; कुठल्याच वाक्याला शेवट राहिला नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलं रडायला लागली. पण उठणार कोण? आत्म्याने भरलेल्या माणसाच्या पुढ्यातून उठून जायचं म्हणजे केवढं धाडस!

बोलता बोलता तो व्यासपीठावरून उतरला, भगदाडापाशी गेला आणि परांचीवर चढू लागला. वरच्या फळीवर पोचल्यावर त्याने हात पसरले. "मला आता जमिनीची गरज नाही," तो म्हणाला, आणि ते इतक्या आनंदाने म्हणाला, की पुढच्या बाकावरच्या दोन बायका "आमेन" म्हणून गेल्या. त्याचं एक पाऊल फळीच्या कडेबाहेर आलं होतं. लेक खाली बल्लीला घट्ट धरून उभी होती आणि नवऱ्याला त्याच्या घरातल्या नावाने हाका मारत होती. त्याला ऐकू जात नव्हतं.

म्हातारे पाळक उठले. ओरडावं तर दचकून तोल जायचा. धावावं तर गुडघे कुठले साथ देणार! त्यांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा जे केलं होतं तेच केलं. बाकांच्या मधल्या वाटेवर येऊन दोन्ही हात वर केले आणि नेहमीच्या संथ, एकसुरी आवाजात उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली.

सवय ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. आशीर्वाद सुरू झाला की उभं राहायचं आणि मान खाली घालायची, हे त्या मंडळीच्या हाडीमासी भिनलं होतं. सगळं चर्च उभं राहिलं. नव्याने आलेलेही त्यांचं पाहून उठले. आणि वर फळीवर जावईही थांबला. तोही पाळकच होता. आशीर्वाद चालू असताना बोलायचं नसतं, हलायचं नसतं. त्याने पाऊल आत घेतलं, हात खाली आणले, मान झुकवली. म्हाताऱ्या पाळकांनी आशीर्वाद लांबवला. जेवढी वाक्यं येत होती तेवढी म्हटली, मग काही पुन्हा म्हटली. तेवढ्यात चिटणीस मागच्या बाजूने परांची चढले आणि त्यांनी जावयाच्या कमरेला मिठी घातली.

"आमेन," म्हातारे पाळक म्हणाले. मंडळीही आमेन म्हणाली. रविवार संपला.

खाली आणल्यावर जावई आधी खवळला, मग ढसाढसा रडला, मग पुन्हा बोलू लागला. त्याला पाळकांच्या खोलीत बसवलं. लेक त्याच्याजवळ बसली. बाहेर व्हरांड्यात चर्चचा कारभार पाहणारी वडीलमंडळी जमली.

"सैतानाचा हल्ला आहे," एक जण म्हणाला. "मंडळी वाढायला लागली की तो गप्प बसेल का? सगळ्यांनी उपास धरू या."

"पण पाळकाला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं असं बाहेर कळलं तर?" दुसरा म्हणाला. "इतके लोक यांच्यामुळे प्रभूकडे आले. मग ते कशामुळे आले म्हणायचं?"

प्रश्न बिनतोड होता. सगळ्यांनी म्हाताऱ्या पाळकांकडे पाहिलं. त्यांना आता घाई होती.

"उपास धरा. प्रार्थनाही करा. पण गाडीत बसून करा, आणि गाडी दवाखान्याकडे न्या," ते म्हणाले. "चिटणीस, गाडी काढा."

मनोविकारांच्या डॉक्टर या मध्यमवयीन बाई होत्या. आवाज बसलेला, बोलणं तुटक. जावयाला इंजेक्शन देऊन झोपवल्यावर त्यांनी लेकीला आणि म्हाताऱ्या पाळकांना समोर बसवलं.

"याआधी कधी मन खचलं होतं का?"

लेकीने सांगितलं. महिने सांगितले, मोजे सांगितले, परत गेलेली ताटं सांगितली. डॉक्टर मान हलवत राहिल्या. "एकाच आजाराची दोन टोकं आहेत ही," त्या म्हणाल्या. "आवरता येतो. पण गोळ्या बहुधा कायमच्या घ्याव्या लागतील." मग त्या म्हाताऱ्या पाळकांकडे वळल्या. "मला एक सांगा. माझ्याकडे देवाचा आवाज ऐकणारे बरेच येतात. तुमच्याकडेही येत असतील. खरा कुठला, ते तुम्ही कसं ओळखता?"

पुस्तकी उत्तरं म्हाताऱ्या पाळकांना ठाऊक होती, पण ती त्या खोलीत त्यांच्या तोंडी येईनात.

"माझा असा अंदाज आहे," ते म्हणाले, "की जो खरोखर देवाचं ऐकतो, त्याला बायकोचंही ऐकू येतं."

डॉक्टर प्रथमच हसल्या. लेक हसली नाही. ती म्हणाली, "मग मला आधी विचारायचंत ना, पपा."

जावई बरेच आठवडे दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा अंगाने सुटला होता, आणि हात थरथरायचे. भगदाडाला तोवर फळ्या ठोकल्या होत्या. नव्याने आलेल्यांतले बहुतेक लोक गेले. दुसरीकडे कुठेतरी जोरदार उपदेशक आला होता, तिकडे वळले. उरलेल्यांना पुन्हा कागदावरचं प्रवचन मिळू लागलं. हात थरथरत म्हणून कागदही थरथरे. मागच्या बाकांवरची मंडळी आपापल्या जागी परतली, पण आता ती पेंगेना. समोरचा माणूस मधेच काही करील का, या धास्तीने ती डोळे टक्क उघडे ठेवून बसे.

एका दुपारी जावई आरामखुर्चीजवळ स्टूल घेऊन बसला. "पपा, मी तुम्हाला भिंतीपाशी जे बोललो..."

"ते सोडा. त्यातलं निम्मं खरं होतं."

"दुसरंच विचारायचं होतं." तो शब्द शोधत हळूहळू बोलत होता. "त्या दिवसांत देव मला इतका जवळ होता, की हात लावावा. आता गोळी घेतो आणि काहीच नाही. प्रार्थना करतो, ती छतापर्यंतही जात नाही. जर ती गोळी देवालाच घालवत असेल, तर तिला औषध कसं म्हणू? आणि तो देव नव्हताच म्हणावं, तर मग आधीचं सगळं कशाच्या जोरावर केलं?"

म्हाताऱ्या पाळकांच्या तोंडाशी तीन-चार तयार वाक्यं आली. ती त्यांनी गिळली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. बाहेर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, तिकडे ते बघत राहिले. "मला तो इतका जवळ कधीच वाटला नाही. हात लावण्याइतका तर नाहीच. कधीकधी पलीकडच्या खोलीत कुणी असावं, तसं वाटायचं. तेवढ्यावर मी काम केलं."

"तेवढ्यावर भागलं?"

"बहुतेक दिवस भागलं. उरलेल्या दिवशीही कुणाचं तरी लग्न असायचं, कुणाचं तरी दफन. जावं लागायचं."

मग लेकीने आतून हाक मारली, "गोळी घेतलीत का?" तो उठून आत गेला. म्हातारे पाळक कान देऊन ऐकत होते. पाणी ओतल्याचा आवाज आला.

हिवाळा सुरू होताना त्याने एका रविवारी सूचनांच्या वेळी सगळं सांगून टाकलं. गायकगटाचा सराव शनिवारी होईल, रविवारशाळेला शिक्षक हवेत, आणि मला अमुक आजार आहे, तो मनाचा आहे, मी रोज गोळ्या घेतो, मी फार बोलायला लागलो तर माझ्या बायकोला सांगा. तेवढंच. कागदावर लिहून आणलेलं होतं, आणि बाण काढलेला असो-नसो, वाचताना त्याने मान वर केली. दोन कुटुंबं त्यानंतर यायची बंद झाली. चिटणीसांनी दुसऱ्या दिवशी भगदाड बुजवायला गवंडी बोलावला.

उपासना सुटल्यावर एक शिवणकाम करणारी बाई मागे रेंगाळली. एरवी ती दारातूनच नमस्कार करून जाणारी. तिचा भाऊ कित्येक महिने खोलीबाहेर आला नव्हता. आपल्याविरुद्ध सगळे कट करताहेत, असं तो म्हणे. आधी कुणीकुणी येऊन त्याच्यातलं भूत काढायचा प्रयत्न केला होता. एकाने त्याला धरून ठेवलं होतं. तेव्हापासून तो दार उघडत नव्हता.

"तुम्ही याल का?" तिने विचारलं. "प्रार्थना नाही केलीत तरी चालेल."

सासरे-जावई दोघंही गेले. चिंचोळा जिना, वर एक बंद दार, दाराखालच्या फटीतून उजेड. म्हातारे पाळक जिन्यातच धापा टाकत बसले. जावयाने दारावर टकटक केली.

"कोण?" आतून आवाज आला.

"पाळक."

"भूत काढायला आलात?"

"नाही. मला नाही ते जमत," जावई म्हणाला. "मी स्वतः मनाच्या डॉक्टरकडे जातो. गोळ्या चालू आहेत. त्यांनी घसा फार कोरडा पडतो हो. जरा पाणी मिळेल का?"

बराच वेळ काही घडलं नाही. मग जिन्याकडची छोटी खिडकी वीतभर उघडली आणि पाण्याने भरलेला पेला घेऊन एक हात बाहेर आला. जावई पाणी प्यायला, मग त्याने पेला परत दिला, आभार मानले. खिडकी लागली.

त्या दिवशी तेवढंच झालं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गेले. तेव्हाही खिडकीच उघडली. दार उघडायला आणखी बरेच आठवडे गेले, आणि त्यानंतर डॉक्टरकडे जायला त्याहून जास्त. तो भाऊ पुरता बरा झाला नाही. पण बहिणीच्या शेजारी बसून तो काजं-बटणं करू लागला, आणि कधीमधी जावयाला विचारी, "तुमच्या गोळ्या कुठल्या? माझ्या गोळ्यांपेक्षा मोठ्या आहेत का?"

म्हातारे पाळक मात्र त्यानंतर जिना चढायला गेले नाहीत. "वरचं काम आता तुमचं," ते म्हणाले, आणि जावई परत येईपर्यंत खाली रस्त्यावर, एका दगडावर बसून राहत.